सहा जणींच्या कांडप गिरणीला कायद्याने नेमके किती कागद लागतात?

दळणकांडप (प्रश्न)

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात गेली चार वर्षे मी घरच्या घरी कांदा-लसूण मसाला करून विकते आणि उन्हाळ्यात गावातल्या लोकांची मिरची कांडून देते. यंदा गावठाणातल्या आमच्या जुन्या गोठ्याच्या जागी पक्की शेड बांधली. एक कांडप यंत्र आणि एक पल्व्हरायझर (बारीक भुकटी करणारे यंत्र) घ्यायचे आहे. दोन्ही मोटारी मिळून 12 अश्वशक्ती होतात आणि कामाला सहा जणी असतील. जागा गावठाणातली असल्यामुळे बिगरशेती परवानगीचा प्रश्न आला नाही, हे माझे नशीब. ज्यांना तो आला आहे, त्यांच्या फायलींची जाडी मी तहसील कार्यालयाच्या बाकावर बसून पाहिली आहे.

यंत्रांसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून कर्ज मागितले आहे. त्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, पण 10 लाखांच्या आत, अनुदान मिळते. तेव्हापासून दोन महिने मी फक्त कागद गोळा करते आहे. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मागितला, तर आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची संमती आणा असे सांगण्यात आले. एका शासकीय कार्यालयासाठी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र केले. अन्न नोंदणी, प्रदूषण मंडळ, वजनकाट्याचा शिक्का, लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी, हे सगळे यादीत आहेच.

पण मी खरी अडले ती बँकेत. चालू खात्यासाठी 'शॉप ॲक्ट लायसन्स' आणा म्हणाले. मी ऑनलाइन भरून मिळालेली पावती दाखवली, तर अधिकाऱ्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही पावती झाली, लायसन्स कुठे आहे?" माझ्यासारख्या छोट्या धंद्याला आता लायसन्स देतच नाहीत, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी सुचवले की मग लायसन्स लागत नाही असे पत्र कामगार कार्यालयातून आणा. मी तिकडे गेले, तर तिथे म्हणाले की असे पत्र देण्याची आमच्याकडे तरतूद नाही. म्हणजे कायद्याने जो कागद काढून टाकला, तो काढून टाकल्याचा कागद मला कुणीच देत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. या यादीतले कायद्याचे किती आणि खिडकीच्या रिवाजाचे किती? आणि उद्योगसुलभता, एक खिडकी, परवानग्यांमध्ये कपात असे जे आपण दहा वर्षे वाचतो आहोत, ते आमच्या गावच्या वेशीपर्यंत येता येता कुठे अडते? तक्रारीसाठी हे लिहीत नाही. खरोखर जाणकारांनी सांगावे.

खातेवही

ताई, मी छोट्या उद्योगांची हिशेब आणि नोंदणीची कामे करतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, दुसऱ्याचे माझ्यापेक्षा खिडकीच्या आत बसलेली माणसे चांगले देतील.

आधी शॉप ॲक्ट. 1948 चा जुना अधिनियम जाऊन त्या जागी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, 2017 आला आणि डिसेंबर 2017 पासून तो लागू झाला. त्यात 10 पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीच नाही. धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत स्वयंघोषणेसह फक्त सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 कामगारांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. तुमच्या सहा जणींच्या बाबतीत जुन्या आणि नव्या, दोन्ही मर्यादांचे उत्तर एकच आहे. तुमच्या हातातली पावती हाच कायद्याने दिलेला पूर्ण कागद आहे. त्याच्यामागे दुसरा, मोठा, शिक्क्याचा कागद कुठे दडलेला नाही. कित्येक दुकानदार अजूनही 'लायसन्स रिन्यू' करण्यासाठी दरवर्षी मध्यस्थाला पैसे देतात आणि भिंतीवर काहीतरी चौकटीत लावून घेतात, ते वेगळे.

आता बँक. बँकेला रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक-ओळख निर्देशांनुसार वैयक्तिक मालकीच्या धंद्याचे दोन पुरावे हवे असतात. पण त्या निर्देशांत पर्यायांची यादी आहे आणि शॉप ॲक्टचे प्रमाणपत्र हा त्यातला केवळ एक पर्याय आहे. उद्यम नोंदणी प्रमाणपत्र त्याच यादीत आहे, वस्तू व सेवा कराची नोंदणी आहे, विजेचे बिलसुद्धा आहे. दोन पुरावे देणे शक्य नाही अशी बँकेची खात्री झाली, तर एकावरही काम होते. तेव्हा बँकेने जागेवर येऊन पाहणी करायची असते. म्हणून पावतीवरून वाद घालू नका. उद्यम प्रमाणपत्र आणि शेडचे वीजबिल जोडून लेखी अर्ज द्या आणि त्या अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे, ती आधार क्रमांकावर होते, कागद जोडावे लागत नाहीत आणि तिला शुल्क नाही. शुल्क मागणारे संकेतस्थळ दिसले, तर ते सरकारी नाही एवढे ओळखा. शासनाने माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून नोंद करायची ठरवली तर काम किती लवकर होते, याचे आपल्या देशातले हे त्यातल्या त्यात स्वच्छ उदाहरण आहे.

अन्न नोंदणी मात्र टाळू नका. मसाला हा खाण्याचा पदार्थ आहे आणि भेसळीच्या तक्रारी सर्वांत जास्त जिथे होतात अशा मालापैकी आहे. पाकीटबंद मालासाठी वैधमापनशास्त्र विभागाची नोंदणी आणि काट्याची पडताळणी हीही कायद्याची कामे आहेत. ती केलीत की पाकिटावर निव्वळ वजन छापताना तुमचाच हात थरथरणार नाही.

प्रदूषण मंडळाबाबत लोकांचा नेहमी गोंधळ होतो. 2016 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची प्रदूषण निर्देशांकावर विभागणी केली: 60 आणि वर लाल, 41 ते 59 नारिंगी, 21 ते 40 हिरवा, 20 पर्यंत पांढरा. 2025 मध्ये ही विभागणी सुधारली गेली. पांढऱ्या वर्गाला संमती नको, फक्त कळवायचे. पण 2016 च्या यादीत 20 अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारीचे मसाला-दळण हिरव्या वर्गात होते, पांढऱ्या नाही. त्यामुळे 12 अश्वशक्तीवर संमतीसाठी अर्ज करावा लागेल असेच धरून चला आणि आताची यादी पाहून घ्या. 'एवढ्याशा धंद्याला काय लागतंय' असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

राहिले शेजाऱ्यांचे संमतीपत्र. मी वर सांगितलेल्या कायद्यांपैकी एकातही ते नाही. आणि प्रतिज्ञापत्राची गोष्ट तर वाचण्यासारखी आहे. मार्च 2015 मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला की शासकीय कार्यालयांनी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वयंसाक्षांकित प्रती घ्याव्यात. जिथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र सांगितले आहे, तिथला अपवाद. त्याच्याही आधी, 2004 मध्ये, शासकीय कार्यालयांत सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांचे मुद्रांक शुल्क अधिसूचना काढून माफ केले होते. तरीही गावोगाव शंभर रुपयांचा मुद्रांक चालूच राहिला. ऑक्टोबर 2024 मध्ये किमान शुल्क शंभरावरून पाचशे झाले, तसा जो मुद्रांक मुळात लागतच नव्हता तो पाचपट महाग झाला. मग मार्च 2025 मध्ये महसूलमंत्र्यांना पुन्हा जाहीर करावे लागले की जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक नको. वीस वर्षांपूर्वी दिलेली माफी नव्याने जाहीर होते आणि आपण तिचे स्वागत करतो! तुमचे पाचशे रुपये बहुधा वाया गेले, ताई.

अव्वल कारकून (निवृत्त)

मी महसूल खात्यात 31 वर्षे होतो, त्यातली बहुतेक टेबलावर. खातेवही यांनी लिहिलेले बरोबर आहे, पण ते वाचून कोणाला वाटेल की कारकुनाला शासन निर्णय माहीत नसतात. माहीत असतात. तरी तो प्रतिज्ञापत्र का मागतो, ते सांगतो.

जास्तीचा कागद का घेतलास, असा प्रश्न माझ्या सबंध नोकरीत मला कोणी एकदाही विचारला नाही. कागद का घेतला नाहीस, हा प्रश्न मात्र लेखापरीक्षणात, खातेचौकशीत, माहिती अधिकाराच्या अपिलात कितीदा तरी विचारला गेला. आमच्या कार्यालयात एकदा एका दाखल्यावरून तक्रार झाली. अर्जदाराने उत्पन्न खोटे सांगितले होते. अर्जदाराचे काय झाले मला आठवत नाही, दाखल्याची टिप्पणी ठेवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याची चौकशी दोन वर्षे चालली, आणि त्याला विचारलेला पहिला प्रश्न होता, "प्रतिज्ञापत्र का घेतले नाही?" त्याने शासन निर्णय दाखवला. त्यावर साहेबांचे म्हणणे असे की निर्णयात 'घेऊ नये' आहे, पण 'खात्री करू नये' असे कुठे आहे? दुसऱ्या दिवसापासून त्या शाखेत प्रत्येकाकडून प्रतिज्ञापत्र घेणे सुरू झाले. लेखी आदेश कोणी काढला नाही. त्यानंतर बदलून आलेल्या माणसांना ते कुठून सुरू झाले हेही ठाऊक नसेल. त्यांच्या दृष्टीने ती पद्धत आहे.

वरचे लोक कायदे कमी करतात तेव्हा हे त्यांच्या हिशेबातच नसते. कायदा रद्द करायला विधिमंडळ आहे, नियम रद्द करायला मंत्रालय आहे. टेबलावरची पद्धत रद्द करायला कोणीच नाही, कारण ती कुठे लिहिलेलीच नाही.

सुधारणा झाल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना त्यांनी अभिलेखांचे वर्गीकरण आणि टेबलांची रचना बदलून दाखवली. 'लखिना पॅटर्न' हा शब्द आमच्या पिढीला पाठ होता. सहा गठ्ठे पद्धत नीट पाळली, तर कोणता कागद कार्यवाहीचा, कोणता प्रतीक्षेचा, कोणता नाश करायचा हे परक्या माणसालाही कपाट उघडताच कळते. पुढे बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम, 2005 आला, ज्याला सगळे 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कार्यालयीन दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे त्यात स्पष्ट आहे. 2017 मध्ये पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी', म्हणजे काहीच प्रलंबित न ठेवण्याची मोहीम, राबवली. तेव्हा आम्ही रात्री उशिरापर्यंत गठ्ठे सोडवले आहेत, आणि कार्यालय खरोखरच मोकळे दिसू लागले होते.

पण सात दिवसांचा नियम कसा पाळला जातो, तेही ऐका. सहाव्या दिवशी फाइलवर त्रुटी काढायची. फाइल टेबलावरून गेली, प्रलंबित नाही, गोषवाऱ्यात शून्य. अर्जदार कागद घेऊन परत आला की नवे सात दिवस. दोन त्रुटी एकाच वेळी दिसत असल्या तरी एकच लिहायची, दुसरी पुढच्या खेपेला. हे मी केलेले नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

माझ्या मते करण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि तिला पैसा लागत नाही. ठरलेल्या यादीबाहेरचा कागद मागायचा असेल, तर मागणाऱ्याने तो लेखी मागावा, खाली कलम किंवा शासन निर्णयाचा क्रमांक लिहावा आणि सही करावी. तोंडी मागणी म्हणजे मागणीच नव्हे, असे मानावे. सहीची वेळ आली की निम्मे कागद आपोआप गळतील. सही करायला आमचा हात किती जड असतो, ते मला माहीत आहे. त्याबरोबर, यादीतले सगळे कागद घेऊन दाखला देणाऱ्याला नंतर चौकशीत संरक्षण हवे. नुसता दंडाचा धाक दाखवाल, तर तो आणखी कागद मागेल.

पोहोच द्या

काकांनी कबुलीजबाब दिला आहे, त्याबद्दल आदर आहे. पण यादीबाहेरचा कागद लेखी मागावा ही नुसती सूचना राहिलेली नाही, तिचा निम्मा भाग कायद्यात आलेला आहे. लोक तो वापरत नाहीत.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 हा 28 एप्रिल 2015 पासून लागू आहे. त्याखाली प्रत्येक खात्याने आपल्या सेवा, प्रत्येक सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी अधिसूचित करायचे असतात. अर्ज दिल्यावर पोहोच मिळणे आणि नाकारल्यास कारण लेखी मिळणे हा हक्क आहे. मुदत उलटली किंवा नकार आला, तर 30 दिवसांत पहिले अपील, मग दुसरे. दोन्ही त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे. तिसरे अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती होऊ शकते. रक्कम लहान आहे, पण ज्याच्या सेवापुस्तकात अजून काहीच लिहिलेले नाही, त्याला ती लहान वाटत नाही.

आता या कायद्याची दुबळी बाजू, कारण ताईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग तिच्यापाशीच येऊन थांबतो. जी सेवा अधिसूचित आहे तिलाच मुदत आहे. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूचे दाखले आणि नमुना 8 चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा अधिसूचित आहेत, त्यामुळे ते आता बऱ्यापैकी वेळेत मिळतात. पण 'ना हरकत' हा प्रकार असा आहे की तो मागणारा एक, देणारा दुसरा, आणि तो कशासाठी हवा हे दोघांनाही नेमके सांगता येत नाही. ज्या कागदाला कायद्यात घर नाही, त्याला मुदतही नाही आणि नकाराला अपीलही नाही. बेकायदा कागदापेक्षा हा अनाथ कागद जास्त त्रास देतो. बँक म्हणते पंचायतीचा ना हरकत दाखला आणा, पंचायत म्हणते शेजाऱ्यांची संमती आणा, शेजारी म्हणतो आधी बांधाचे मिटवा. असे करत करत शासनाच्या हातातली परवानगी शेवटी ज्याच्याशी तुमचे वीस वर्षे पटत नाही, अशा माणसाच्या हातात जाते.

दुसरी पळवाट काकांनीच सांगितली: त्रुटी. अर्ज संगणकावर भरलात तर त्रुटीची नोंद तारखेसह राहते, म्हणून शक्य तिथे 'आपले सरकार' पोर्टलवरूनच अर्ज करा. खिडकीवर तोंडी परत पाठवलेल्या अर्जाचे अपील कशाच्या आधारावर करणार? मी हे टोपणनाव घेतले आहे ते त्यामुळेच.

जिना मोकळा ठेवा

मी अग्निसुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो आणि या चर्चेत थोडा विसंवादी सूर लावणार आहे. प्रत्येक परवानगीला लाल फीत म्हणण्याची घाई नको.

29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरल्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत 14 माणसे गेली. त्या शहरात उपाहारगृह काढायला किती परवाने लागतात, हे तिथल्या व्यावसायिकांना विचारा. ते हाताची बोटे संपेपर्यंत मोजतील. इतके परवाने असूनही गच्चीवर जळणारे छत उभे राहते आणि बाहेर पडायची वाट अपुरी असते, याचा अर्थ कागदांची संख्या आणि माणसांची सुरक्षितता यांचा संबंध आपण समजतो तेवढा नाही. याच घटनेवरून कोणी म्हणेल परवाने वाढवा, कोणी म्हणेल सगळे नाममात्रच आहेत तर काढून टाका. मला दोन्ही चूक वाटतात. वीस खात्यांनी कागद पाहण्यापेक्षा एका जाणत्या माणसाने वर्षातून एकदा न सांगता येऊन जिना पाहावा, हे मला जास्त मोलाचे वाटते. 2017 च्या दुकाने अधिनियमात निरीक्षकाला 'सुविधाकार' असे नाव दिले, त्यामागचा हेतू चांगला होता. मात्र नाव बदलल्यावर तो जागेवर जातो की नाही, हे कोणी तरी पाहायला हवे.

ताईंच्या गिरणीपुरते बोलायचे, तर शेजाऱ्याच्या संमतीकडे मी पोहोच द्या यांच्याइतके तुच्छतेने पाहणार नाही. मिरची कांडताना उडणारा खकाणा काय असतो, हे ज्याच्या खिडकीसमोर कांडप आहे त्यालाच माहीत. दम्याचा रुग्ण घरात असेल तर ती चैनीची तक्रार नाही. पण त्यावर उपाय संमतीपत्र नव्हे. संमतीपत्र दिलेल्या शेजाऱ्याच्याही नाकात खकाणा जातोच, आणि न दिलेल्या शेजाऱ्याला तुमचा धंदा कायमचा रोखण्याचा हक्क नको. पल्व्हरायझरला धूळ पकडणाऱ्या पिशव्या आहेत का, शेडची झडप कोणत्या बाजूला उघडते, रात्री किती वाजता यंत्र बंद होते, एवढे तीन प्रश्न विचारणारा नियम हवा आणि तो मोडल्यास शेजाऱ्याची तक्रार ऐकणारा अधिकारी हवा. मुद्रांकावरची सही ही या तीन प्रश्नांना टाळण्याची सोय आहे.

मोटारींच्या वायरिंगची चाचणी परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या. हा सल्ला यादीबाहेरचा असला तरी पाळाच.

खातेवही

जिना मोकळा ठेवा यांच्याशी मी सहमत आहे, आणि म्हणूनच इतर राज्यांचा एक प्रयोग इथे मांडतो. राजस्थानने 2019 मध्ये सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी कायदा केला. उद्योजकाने ऑनलाइन घोषणा करायची, पोचपावती घ्यायची आणि त्या पावतीवर तीन वर्षे राज्याच्या कायद्यांखालील परवानग्या व तपासण्यांतून सूट. ही मुदत पुढे पाच वर्षे झाली. केरळनेही 2019 मध्ये तशाच धर्तीचा कायदा केला, मात्र लाल वर्गातले उद्योग त्यातून वगळले. तुमच्या 12 अश्वशक्तीच्या गिरणीचा आणि रसायनांच्या कारखान्याचा धोका एकाच तागडीत तोलू नये, हे त्या वगळण्यामागचे तत्त्व मला पटते. महाराष्ट्रात 2023 मध्ये उद्योग, व्यापार व गुंतवणूक सुविधा अधिनियम आला आणि 'मैत्री' या एक खिडकी व्यवस्थेला कायद्याचा आधार मिळाला. मोठ्या गुंतवणुकीसाठी तिचा उपयोग होतो, हे मी माझ्या दोन अशिलांच्या कामांत पाहिले आहे. परंतु खिडकी एक झाली तरी तिच्या मागची टेबले तितकीच असतील, तर अर्जदाराचे हेलपाटे तेवढे वाचतात, दिवस वाचत नाहीत.

आणि राज्याने कितीही कपात केली, तरी जे राज्याच्या हाताखाली नाहीत त्यांना ती कोण सांगणार? बँका, विमा कंपन्या, मोठ्या दुकानसाखळ्यांचे खरेदी विभाग, हे सगळे जुन्या कागदांच्या याद्या घेऊन बसलेले आहेत. राजस्थानातली पोचपावती दाखवल्यावर तिथल्या बँकेतही कोणीतरी विचारत असणारच की लायसन्स कुठे आहे. कामगार खात्याने पावतीच्या मागच्या बाजूला दोन ओळी छापल्या असत्या, की 'या आस्थापनेस नोंदणी प्रमाणपत्राची आवश्यकता नाही व ही पावती अंतिम आहे', तर ताईंच्या दोन खेपा वाचल्या असत्या.

दळणकांडप

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सांगण्यासारखे काही घडेपर्यंत थांबले.

उद्यम प्रमाणपत्र आणि शेडचे वीजबिल जोडून बँकेत लेखी अर्ज दिला आणि पोहोच मागितली. पोहोच मागितल्यावर अधिकारी थोडे सावध झाले, वरच्या कार्यालयाला फोन केला आणि चार दिवसांत खाते उघडले. शॉप ॲक्टचा विषय पुन्हा निघाला नाही. फाइलला मात्र माझी पावती जोडून घेतली आहे आणि तिच्यावर पेन्सिलने 'लायसन्स' असे लिहिले आहे, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

ग्रामपंचायतीत मी विचारले की शेजाऱ्यांची संमती कोणत्या नियमाखाली लागते, ते माझ्या अर्जावर लिहून द्यावे. ग्रामपंचायत अधिकारी दोन मिनिटे गप्प बसले, मग म्हणाले, "लिहून देण्यासारखं काही नाही, पण उद्या भांडण झालं तर आमच्यावर नको." अव्वल कारकून काकांचे लिहिणे वाचलेले नसते, तर मला त्यांचा राग आला असता. शेवटी असे ठरले की सकाळी आठ ते संध्याकाळी सातपर्यंतच यंत्र चालवीन आणि धूळ पकडणाऱ्या पिशव्या बसवीन, असे मी स्वयंघोषणापत्रात लिहून द्यावे. ते दिले आणि दाखला मिळाला. उजवीकडच्या वहिनींना मी स्वतः जाऊन सांगितले. त्यांचे म्हणणे होते की संमतीसाठी आलीस तेव्हाच पिशव्यांचे सांगितले असतेस, तर सही केली असती.

प्रतिज्ञापत्राच्या कार्यालयात शासन निर्णयाची प्रत छापून नेली. तिथल्या भाऊसाहेबांनी ती पूर्ण वाचली, साहेबांकडे जाऊन आले आणि स्वयंघोषणापत्र स्वीकारले. मग म्हणाले, आणलेच आहे तर ते मुद्रांकाचेही राहू द्या, फाइलला असलेले बरे.

आता प्रदूषण मंडळाचा अर्ज तेवढा उरला आहे. त्यात यंत्रांची क्षमता दिवसाला किलोमध्ये विचारली आहे. मिरची कांडपाचा हंगाम मार्च ते मे, बाकीचे महिने आठवड्यातून दोन दिवसच यंत्र चालते. हंगामातला आकडा लिहायचा की वर्षाची सरासरी, हे खातेवही यांनी सांगितले तर उपकार होतील.

खातेवही

हंगामातल्या सर्वांत जास्त कामाच्या दिवसाचा आकडा लिहा. सरासरी लिहिलीत आणि एप्रिलमध्ये कोणी पाहणीला आले, तर लिहिले एक आणि चालते एक असे होईल. शेऱ्याच्या रकान्यात 'हंगामी काम, मार्च ते मे' एवढे नमूद करा, म्हणजे त्रुटी काढायला जागा राहणार नाही.